उजव्या डोळ्याने मोज

"एवढं खरं कोण लिहितं हो?" विम्याच्या खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या अर्जावर पेनाचं टोक आपटलं.

आपटलं तिथे माझंच अक्षर होतं. छापील प्रश्न होता, ‘आजाराचं लक्षण पहिल्यांदा कधी जाणवलं?’ त्यापुढच्या टीचभर रेघेवर न मावलेलं माझं उत्तर असं: ‘दोन वर्षांपूर्वी, १४ मार्च, सकाळी ११.४०. सूक्ष्मदर्शकावर काम करताना. डावा डोळा. एका कणाचे दोन दिसू लागले.’

"मग काय खोटं लिहायचं?" मी म्हटलं.

"खोटं कशाला? ‘अलीकडे’ लिहायचं. सगळे ‘अलीकडे’ लिहितात. परवा एकजण गुडघा घेऊन आला होता. दहा वर्षं लंगडतोय. त्यानेसुद्धा ‘अलीकडे’च लिहिलं. झालं की मंजूर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाईंवर ओरडून काय उपयोग? त्यांनी थोडाच नामंजुरीचा शिक्का बनवला होता. शिवाय चूक माझीच होती. आणि ती चूक मला पाच वर्षं पगार देऊन शिकवलेली होती.

पगार म्हणजे स्टायपेंड. पगार म्हटलं की सुट्टी द्यावी लागते, म्हणून स्टायपेंड म्हणतात. मी पीएचडी करते. फुलातली पिवळी धूळ असते ना, परागकण, ते उष्णतेने किती फुटतात आणि किती शाबूत राहतात हे मी काचपट्ट्यांवर मोजते. हातात एक छोटं मोजणीयंत्र असतं, आम्ही त्याला टकटक्या म्हणतो. एक कण, एक टक. दिवसाला दोन-अडीच हजार टक. आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, तारीख-वेळेसकट, शाईच्या पेनाने. खाडाखोड नाही. ‘अलीकडे’ हा शब्द आमच्या वहीत लिहिला असता तर आमच्या गाईडने वही तोंडावर फेकली असती. तेव्हा ‘कधी जाणवलं’ असं कोणी विचारलं की माझा हात आपोआप तारीख-वेळ लिहून मोकळा होतो. विम्याच्या अर्जावर शहाणी माणसं असं करत नाहीत हे मला कोण सांगणार? आमच्या खोलीत सगळे माझ्यासारखेच येडे.

"पण तारखेने काय बिघडलं?" मी विचारलं.

बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "त्या तारखेला तुम्ही आमच्याकडे नव्हताच. एक फेब्रुवारी ते अठरा एप्रिल तुमची नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. एप्रिलात नवा विमा सुरू झाला आणि आजार मार्चमधला. विम्याच्या आधीचा आजार. कंपनीने हात वर केले."

"मी नव्हते? अहो, मी रोज इथे होते! सकाळी नऊपासून!"

"कागदावर नव्हता."

ते अकरा आठवडे मी कसे विसरेन! दरवर्षी जानेवारीत आमच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. एकाच पानाचा फॉर्म, त्यावर गाईडची एकच सही. आमच्या गाईडला सगळे विद्यार्थी ‘पुढचा आठवडा’ म्हणतात. सर, फॉर्म? "पुढच्या आठवड्यात बघू." सर, सही? "पुढच्या आठवड्यात नक्की." त्यांच्या टेबलावर तीन मजली प्लास्टिकचा ट्रे आहे. वरच्या मजल्यावर परदेशी परिषदांची आमंत्रणं, मधल्यात त्यांचे स्वतःचे पेपर, तळाला आम्ही. त्या वर्षी माझा फॉर्म तळाला अकरा आठवडे भिजत पडला होता. स्टायपेंड बंद, विमा बंद, काम मात्र चालू. कारण सर म्हणाले होते, "काम थांबवू नकोस हं. फॉर्मचं काय, ती नुसती औपचारिकता."

त्या अकरा आठवड्यांत मी ताईच्या जिवावर जेवले. आज त्या औपचारिकतेने माझा डोळा मागितला होता.

डोळ्याचं सांगते. बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होत जाते आणि पुढे फुगते. माझ्या डाव्या डोळ्याची पार वाट लागली आहे. त्याला पुढेमागे दुसऱ्या कुणाची तरी काच बसवावी लागणार. आधी दीड वर्षं मला नुसते चष्म्याचे नंबर बदलून दिले. आता मोठे डॉक्टर म्हणाले, उजव्यालाही सुरुवात झाली आहे, पण तो वाचवता येईल. औषधाचे थेंब घालून एका विशिष्ट प्रकाशाखाली धरायचं, की वाढ थांबते. "सहा आठवड्यांच्या आत," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर काच इतकी पातळ होईल की मला हात लावता येणार नाही." खर्च विचारला. माझा नऊ महिन्यांचा स्टायपेंड!

"काही मार्ग?" मी खिडकीत विचारलं. आवाज नको तितका मऊ झाला होता, त्याचाही राग आला.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नोंदणीतला खंड माफ करणारी एक समिती आहे. तुमच्या गाईडचं पत्र आणा, की त्या काळात तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करत होता आणि फॉर्म त्यांच्याकडून राहिला. खंड माफ झाला की विमा सलग धरतात. समिती येत्या गुरुवारी बसतेय. ही चुकली तर पुढची दोन महिन्यांनी."

दोन महिने म्हणजे आठ आठवडे. मला सहा होते. तेव्हा गुरुवार. त्या दिवशी सोमवार होता.

*

सरांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर ते बसतात आणि दुसरीवर पुस्तकांचा ढीग असतो. त्यामुळे "बस ना" असं ते प्रेमाने म्हणतात आणि आपण उभे राहतो.

"बस ना," सर म्हणाले.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते मान डोलवत होते. "अरेरे" दोनदा झालं. "या विमा कंपन्या म्हणजे ना" एकदा झालं. मला वाटलं, चला, माणूस वाईट नाही, नुसता आळशी आहे. मी टाईप करून आणलेलं पत्र पुढे केलं. चार ओळींचं.

त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"अगं, हे मी कसं लिहू?"

"का सर? खरं आहे ते."

"खरं-खोटं वेगळं. हे बघ, मी जर लिहून दिलं की नोंदणी नसलेली मुलगी, विमा नसलेली मुलगी, माझ्या प्रयोगशाळेत अकरा आठवडे रसायनं हाताळत होती, तर उद्या मलाच विचारतील ना, हिला आत येऊ कसं दिलंत? पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची निवड आहे. अशा वेळी असली भानगड..."

"तुम्हीच सांगितलंत काम थांबवू नकोस."

"मी सहज म्हटलं असेन. तू येत होतीस ती तुझ्या मर्जीने. उत्साही होतीस तू." हे बोलताना ते चक्क हसले. "तो उत्साह मला फार आवडायचा."

मी त्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिले. यांची दाढी, यांचा इस्त्रीचा शर्ट, यांच्या टेबलावरचा तो ट्रे. तळमजल्यावर आजही कुणाचे तरी दोन फॉर्म होते. खरं सांगते, तो ट्रे उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

"सर, माझा उजवा डोळा जाईल."

"म्हणूनच मी काय सुचवतो ते ऐक." त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. त्यांच्या खणातून इतक्या चटकन फॉर्म निघालेला मी पहिल्यांदाच पाहिला. "आकस्मिक मदत निधी. गरजू विद्यार्थ्यांसाठी असतो. मी शिफारस करतो, आत्ताच्या आत्ता सही करतो. उद्या पैसे मिळतील."

"किती?"

आकडा त्यांनी सांगितला. डॉक्टरांनी सांगितलेल्या खर्चाचा आठवा हिस्सा.

फॉर्म हातात घेतला आणि सवयीने शेवटपर्यंत वाचला. तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘सदर आजार माझी नोंदणी नसलेल्या काळात उद्भवला असून त्याबाबत संस्था अथवा मार्गदर्शक यांच्यावर कोणतीही जबाबदारी राहणार नाही हे मला मान्य आहे.’ खाली माझ्या सहीची जागा. म्हणजे आठवा हिस्सा देऊन कायमचं तोंड बंद! तोंडाला पानं पुसायची आणि वर मीच पुसून घेतली असं लिहून द्यायचं.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

"कर ना. पण एक लक्षात ठेव." सरांनी चष्मा परत चढवला. आवाज तोच, साखर पेरलेला. "तुझा थिसिस माझ्या टेबलावर आहे. मला तो लवकर वाचायचाय. भांडणातंट्यात मन लागत नाही गं माझं वाचनात."

*

ताई शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडून ती घरी येते आणि उरलेला आवाज माझ्यावर काढते. दोन खोल्यांच्या त्या घरात तिने मला पाच वर्षं ठेवून घेतलंय. भावोजी कामानिमित्त बाहेरगावी असतात. महिन्यातून एकदा येतात आणि माझ्या थिसिसची चौकशी एखाद्या जुनाट दुखण्यासारखी करतात.

ताईने फॉर्म वाचला आणि टेबलावर टाकला.

"कर सही. जे मिळतंय ते घे. उरलेल्याचं बघू. मी बसवाल्यांकडून उचल घेते."

"तुझी वर्षभराची उचल घेतली तरी पुरणार नाही, ताई."

"मग भांडायला जाणारेस? त्या माणसाशी? ज्याच्याकडे तुझी डिग्री अडकलीय? बारके, अक्कल गहाण ठेवलीस का?"

"त्याने माझा डोळा—"

"त्याने नाही. तू! कोणी सांगितलं होतं तारीख-वार लिहायला? लहानपणापासून तुझं हेच. आईने विचारलं, बरणी कोणी फोडली, की मी म्हणायचे माहीत नाही आणि तू सांगायचीस ताईने, दुपारी, आई, तू मागे कपडे वाळत घालत होतीस तेव्हा. मार मी खायचे." ती बोलता बोलता हसायला लागली आणि मग एकदम रडायलाच लागली. मला ताईचं रडणं बघवत नाही. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे आदळला.

"रडू नकोस. राग येतो मला."

"येऊ दे. तुला दुसरं येतं काय?" तिने डोळे पुसले. "आणि तो तुझा सर! मला तेव्हाच कळायला हवं होतं. तूच नाही का हसत हसत सांगत आलीस, की सरांना म्हटलं डाव्या डोळ्याने दोन दोन दिसतात, तर सर म्हणाले उजव्याने मोज. काय हसली होतीस! मी म्हटलं होतं, यात हसण्यासारखं काय आहे?"

मी ताडकन उठले.

सर म्हणाले नव्हते. सरांनी लिहिलं होतं.

आता सरांची एक सवय सांगायला हवी. फॉर्मवर सही करायला ज्या माणसाला अकरा आठवडे लागतात, तोच माणूस दर शुक्रवारी चार वाजता न चुकता आमच्या वह्यांवर सही करतो. उभ्याउभ्या, हिरव्या शाईने, प्रत्येक पानावर, तारीख घालून. कारण कधीतरी एका वकिलाने त्यांना सांगितलं, की साक्षीदाराची सही आणि तारीख असलेली वही पेटंटच्या खटल्यात टिकते. तेव्हापासून वादळ येवो, ताप येवो, शुक्रवारी चारला हिरवं पेन निघणार. वहीवर सही नसेल तर सरांचं पेटंट जातं. माझ्या फॉर्मवर सही नसेल तर माझा विमा जातो. त्यातलं त्यांना काय महत्त्वाचं वाटत होतं ते मी वेगळं सांगायला नको.

अकरा आठवडे म्हणजे अकरा शुक्रवार.

*

भरलेल्या वह्या आमच्या भांडारात, लोखंडी कपाटात असतात. किल्ली भांडारवाल्या काकांकडे. काका तीस वर्षं तिथे बसतात, आणि काचेची बाटली मागितली तरी "मागची फोडलीत का?" असं विचारून देतात.

बुधवारी सकाळी मी वही मागितली. काकांनी काढून दिली आणि समोरच उभे राहिले, कारण वही भांडाराबाहेर न्यायला परवानगी नाही.

फेब्रुवारी. हिरवी सही. पुढचा शुक्रवार, हिरवी सही. मी पानं उलटत १४ मार्चवर आले. माझं निळं अक्षर: ‘११.४०. डाव्या डोळ्याला एका कणाचे दोन दिसतात. पट्टी क्रमांक एक ते चाळीस यांची मोजणी भरवशाची नाही. थांबवत आहे.’ आणि समासात, हिरव्या शाईत, त्या घाईच्या तिरक्या अक्षरात: ‘उजव्या डोळ्याने मोज. आकडे सोमवारी हवेत.’ खाली सही. तारीख. त्या दिवशीही शुक्रवारच होता.

त्या वेळी मी खरंच हसले होते. चार पोरांना दाखवलं होतं. वाटलं होतं, काय विनोदी आहेत आपले सर! आणि मग दोन दिवस एक डोळा मिटून चाळीस पट्ट्या मोजल्या होत्या. आज ते पान पुन्हा वाचलं. नुसता राग आणि लाज. मला स्वतःची लाज वाटली, हसले त्याची.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. लाज नाही या माणसाला, मनात आलं. पण ते एकदम म्हणाले, "ही वही समितीपुढे ठेवणार?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"विम्याच्या खिडकीतल्या बाई माझ्या वहिनी लागतात." त्यांनी कपाटाला टेकून खिशातून सुपारी काढली. "ठेवा. पण आधी ऐका. या चाळीस पट्ट्यांचे आकडे कुठे गेले?"

कुठे गेले म्हणजे? सरांच्या पेपरात गेले. सगळ्यात मोठ्या नियतकालिकात छापलेल्या, ज्याच्या जोरावर ते विभागप्रमुख व्हायला निघालेत त्या पेपरात. आणि माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात. थिसिसचा कणा तिसरं प्रकरणच आहे.

"‘भरवशाची नाही’ असं तुमच्याच हाताने लिहिलंय," काका म्हणाले. "हे पान तिकडे गेलं की सर अडकतील, मान्य. पण तुमचं ते प्रकरणही गेलं. पाच वर्षांचा स्टायपेंड संपलाय तुमचा. परत कोण देणार? आणि परत मोजायचं म्हटलं तर कोण गाईड घेणार तुम्हाला, गाईडला खड्ड्यात घातलेल्या पोरीला?"

काकांचं सगळं बरोबर होतं आणि त्यामुळेच त्यांचा भयंकर राग आला. एकीकडे डोळा. दुसरीकडे डिग्री, तीही एक वर्षावर आलेली नव्हे, दोन महिन्यांवर आलेली. मोजायला बसले असते तर कुणास ठाऊक काय ठरलं असतं. पण मोजायचं कशाने? थिसिस हातात पडून मी पुढे काय करणार होते? आयुष्यभर काचपट्ट्याच बघणार होते ना? आणि त्या बघायच्या कशाने?

"रजिस्टर द्या," मी म्हटलं.

"वही न्यायला परवानगी नाही."

"म्हणून तर रजिस्टर मागतेय. चोरून नेणार नाही."

काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. मी लिहिलं: ‘बुधवार, सकाळी १०.२५. वही क्रमांक सात बाहेर नेली. परवानगी: नाही. कारण: उजवा डोळा.’ आणि सही केली.

काकांनी ते वाचलं. "तुम्ही सुधारणार नाही," ते म्हणाले, आणि कपाटाला कुलूप लावून, पाठ करून बसले.

*

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि झाकण घातलेले पाण्याचे पेले. अध्यक्षबाई मधे, दोन बाजूंना दोन सदस्य. त्यातला एक अख्खा वेळ फोनमध्ये. सर माझ्या आधीच येऊन बसले होते. त्यांना मार्गदर्शक म्हणून बोलावलं होतं. मला बघून त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. "बस ना." या वेळी खुर्ची खरंच रिकामी होती. मी समोर जाऊन बसले.

अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं, "विद्यार्थिनी म्हणते, खंडाच्या काळात ती तुमच्याकडे काम करत होती. पत्र दिसत नाही तुमचं."

"मॅडम, मुलगी हुशार आहे, मला तिच्याबद्दल सहानुभूतीच आहे," सरांनी सुरू केलं. "पण त्या काळात तिचं येणं-जाणं अनियमित होतं. वैयक्तिक अडचणी असाव्यात. फॉर्मही तिच्याकडूनच उशिरा आला. मी मदत निधीची शिफारस केली आहे. तिने अजून फॉर्म भरलेला नाही."

अनियमित! वैयक्तिक अडचणी! हा माणूस सराईतपणे, श्वास न अडखळता बोलत होता. फोनमधल्या सदस्याने मानही डोलावली. मला काय काय बोलायचं होतं. ताईने सकाळी बजावलं होतं, तोंड उघडू नकोस, तुझं तोंड उघडलं की काम बिघडतं. म्हणून मी तोंड उघडलं नाही. वही उघडली.

"हे फेब्रुवारीपासून बघा," एवढंच म्हटलं.

अध्यक्षबाईंनी पानं उलटली. एकेका हिरव्या सहीवर बोट ठेवत गेल्या. "एक... दोन... तीन..." त्या पुटपुटत होत्या. माझा टकटक्या मला आठवला.

"ही सही तुमची?" त्यांनी सरांना विचारलं.

"हो, म्हणजे... वही प्रयोगशाळेची मालमत्ता आहे. ही बाहेर आलीच कशी? हा गंभीर प्रकार आहे, मॅडम."

"रजिस्टरमध्ये नोंद केलीय," मी म्हटलं. "वेळेसकट."

तोवर अध्यक्षबाई १४ मार्चवर आल्या होत्या. त्यांनी ते मनात वाचलं. मग चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं. आधी माझं, मग समासातलं. "‘उजव्या डोळ्याने मोज. आकडे सोमवारी हवेत.’" फोनमधल्या सदस्याने फोन खाली ठेवला.

"तो विनोद होता," सर म्हणाले.

कोणी हसलं नाही.

"आणि हे आकडे?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "नंतर परत तपासले? की तसेच छापले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने मला नजरेने विनवलं. तिसरं प्रकरण आपलं दोघांचं आहे, ती नजर म्हणत होती. बुडालं तर दोघांचं बुडेल. त्यात खोटं काही नव्हतं. मी ‘तपासले होते’ असं म्हणाले असते, तर वही बंद झाली असती, खंड माफ झाला असता, आणि दोन महिन्यांनी सरांनी माझ्या थिसिसवर हिरव्या शाईने गपगुमान सही केली असती. डोळाही मिळाला असता आणि डिग्रीही. समोर ताट वाढून ठेवलं होतं.

"तुम्ही सांगा," अध्यक्षबाई मला म्हणाल्या.

"एक डोळा मिटून मोजले," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी साडेनऊला दिले. कोणी तपासले नाहीत. तसेच छापले."

*

खंड माफ झाला. विमा सलग धरला. खिडकीतल्या बाईंनी मंजुरीचा कागद देताना विचारलं, "शेवटपर्यंत खरंच सांगितलंत?" मी हो म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

पाचव्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्यावर उपचार झाला. वाढ थांबली. आता डोळ्यात एक कडक भिंग घालते, ते घातलं की नीट दिसतं. सरांच्या पेपरची चौकशी लागली, विभागप्रमुख दुसरंच कोणी झालं. माझं तिसरं प्रकरण रद्द झालं. स्टायपेंड संपला. नवा गाईड म्हणून एकजण तयार झाले, तेही निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "माझ्या वहीत काही भलतं लिहायचं नाही हं." ताई बसच्या कामावरून आली की विचारते, "झाली का धूळ मोजून?" मी सकाळी तिच्याच शाळेच्या कार्यालयात पावत्या फाडते आणि दुपारी प्रयोगशाळेत येते, फुकट.

सर एकदा जिन्यात भेटले. मला वाटलं, मान फिरवतील. थांबले. "काय मिळवलंस?" म्हणाले. "माझं गेलं ते गेलं. तुझंही गेलंच ना?"

मी नुसती त्यांच्या बाजूने वर चढून गेले. जिना चढताना रागाने पाय आपटत होते, ते त्यांना ऐकू गेलं असेल.

वर जाऊन मी त्या जुन्या चाळीस पट्ट्यांची पेटी उघडली. पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, टकटक्या शून्यावर आणला आणि मोजलं. दोनदा मोजलं. मग नवी वही काढली. साक्षीदाराच्या सहीची जागा आता रिकामीच असते, नव्या सरांना शुक्रवारची सवय नाही. मी लिहिलं:

‘दुपारी ३.१०. पट्टी क्रमांक एक. जुना आकडा दोनशे बारा, छापलेला. नवा आकडा एकशे सत्याऐंशी. तेव्हा उजवा डोळाही चुकतच होता. आता एकाचा एकच दिसतो.’